र. धों. कर्वे : नीती मोजायची कशाने?

इंजिनिअरिंगला आल्यापासून आपण काय काय मोजायला शिकलो! व्होल्टेज, करंट, टॉर्क, काँक्रीटच्या क्यूबची ताकद... व्हर्निअर हातात घेतलं की आधी झिरो एरर बघायचा, हे तर फर्स्ट इयरपासून डोक्यात पक्कं बसलंय. पण माणसाची नीती मोजता येते का? कोण किती कडक, कोण किती मोकळा, कुणाला काय चालतं आणि काय खपत नाही, हे आकड्यांत सांगता येईल का?

हसू नका! असं मोजण्याचा प्रयत्न जगात गेली शंभर वर्षं चालू आहे. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या ॲप्टिट्यूडच्या जोडीला सायकोमेट्रिक टेस्ट घेतात, तीही त्यातलीच. एक विधान दिलेलं असतं आणि त्यापुढे पाच पर्याय : पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. ही पाच पायऱ्यांची पद्धत अमेरिकेच्या रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. एका टेस्टवरून आपला प्रामाणिकपणा त्यांना कसा काय कळतो, या कुतूहलापोटी मी या विषयावर वाचायला घेतलं आणि वाचता वाचता एका मराठी माणसापाशी येऊन थांबले. ते मानसशास्त्रज्ञ नव्हते. ते गणिताचे प्राध्यापक होते. आयुष्यभर समाज त्यांचीच नीती मोजत राहिला आणि कोर्टाने दोनदा दंड करून निकालही देऊन टाकला. ते म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे.

कर्वे म्हटलं की आपल्याला आठवतात महर्षी धोंडो केशव कर्वे. पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर धडा असतो, महिला विद्यापीठाचे संस्थापक म्हणून जनरल नॉलेजच्या परीक्षेत प्रश्न येतो. र. धों. हे त्यांचे थोरले चिरंजीव. त्यांच्यावर मात्र धडा नसतो. का नसतो, हे पुढे कळेलच.

रघुनाथचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. मूळ गाव कोकणातलं, दापोलीजवळचं मुरूड. आई राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेल्या. तेव्हा रघुनाथ होता अवघा नऊ वर्षांचा. ज्या माणसाने पुढे सगळं आयुष्य स्त्रीची नको असलेल्या बाळंतपणातून सुटका व्हावी म्हणून खर्च केलं, त्याची आई बाळंतपणातच गेली होती, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. झालं! मुरूडच्या लोकांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार टाकला. म्हणजे समाज एखाद्याला अनीतिमान ठरवतो तेव्हा काय होतं, हे त्या मुलाने अकराव्या वर्षीच घरात पाहिलं. आणि गंमत बघा, ज्या पुनर्विवाहासाठी बहिष्कार पडला त्याच कार्यासाठी पुढे त्याच वडिलांना देशाने डोक्यावर घेतलं. नीतीची मोजपट्टी एका माणसाच्या हयातीतसुद्धा बदलते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

रघुनाथ अभ्यासात अतिशय हुशार. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली मॅट्रिकला पहिला नंबर. १९०४ साली फर्ग्युसनमधून बी. ए. पुढे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसलाही जाऊन आले. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्या काळात अशी नोकरी म्हणजे आयुष्यभराची चिंता मिटली. कर्व्यांनी गप्प बसून गणित शिकवलं असतं तर मोठा बंगला बांधून ते सुखाने रिटायर झाले असते!

पण त्यांना एक हिशेब स्वस्थ बसू देत नव्हता. दर वर्षी पाळणा हलतोय, बाई खंगतेय, मुलं जगत नाहीत, आणि याला सगळे देवाची इच्छा म्हणतात. हा देवाचा प्रश्न नाही, माहितीचा प्रश्न आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. भारतातलं हे पहिलंच. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असं केंद्र काढलं होतं. म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती! १९२३ मध्ये त्यांनी संततिनियमनावर आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा यावर पुस्तकं लिहिली. विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचं. प्राध्यापकाने असल्या विषयावर उघड बोलावं हे व्यवस्थापनाला रुचलं नाही. नोकरी की हे काम, असा प्रश्न उभा राहिला आणि कर्व्यांनी नोकरी सोडली.

पत्नी मालतीबाई पाठीशी होत्या. दोघांनी विचारपूर्वक मूल होऊ दिलं नाही. आजही लग्नाला दोन वर्षं झाली की शेजारच्या काकू चौकशी सुरू करतात. मग शंभर वर्षांपूर्वी त्या बाईंना किती टोमणे ऐकावे लागले असतील? र. धों. वर लिहिणारे मालतीबाईंना दोन ओळींत संपवतात. मला वाटतं, दंड एकट्या नवऱ्याला झाला असला तरी शिक्षा दोघांनी भोगली.

आता आपण येऊ १९२७ सालाकडे. या एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता, पण मला त्या एकत्र ठेवून बघाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट अमेरिकेतली. लुई थर्स्टन नावाचे एक गृहस्थ. मूळचे आपल्यासारखेच इंजिनिअर! कॉर्नेलमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं, थोडे दिवस खुद्द एडिसनकडे काम केलं, आणि मग मानसशास्त्राकडे वळले. १९२७ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठातल्या २६६ विद्यार्थ्यांपुढे १९ गुन्ह्यांची यादी ठेवली. प्रत्येक गुन्ह्याची उरलेल्या प्रत्येकाशी जोडी लावली. म्हणजे १९ गुणिले १८ भागिले २, एकूण १७१ जोड्या. प्रत्येक जोडीतला जास्त गंभीर गुन्हा कोणता, एवढंच सांगायचं. या उत्तरांवरून त्यांनी एक पट्टी तयार केली. पट्टीच्या वरच्या टोकाला बलात्कार आणि खून आले, तर खाली शून्यापाशी कामधंदा न करता भटकणं आलं. वजन नाही, लांबी नाही, तरी माणसांच्या मनातला गुन्ह्याचा गंभीरपणा आकड्यांत उतरला! पुढच्याच वर्षी त्यांनी ठामपणे मांडलं की माणसांची मतं मोजता येतात.

दुसरी गोष्ट मुंबईतली. त्याच वर्षी जुलैत र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. विषय : लैंगिक आरोग्य, संततिनियमन, स्त्री-पुरुष संबंध. लेखन, संपादन सगळं बहुतेक एकहाती. मुखपृष्ठावर नग्न चित्र छापायचे, कारण शरीरात लाजण्यासारखं काही नाही असं त्यांचं मत. 'शारदेची पत्रे' या सदरात शारदा बनून ते स्वतःच लिहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वाचकांचे प्रश्न छापून त्यांना सरळ, शास्त्रीय उत्तरं देत. हे मासिक त्यांनी मरेपर्यंत चालवलं. थोडीथोडकी नाही, सव्वीस वर्षं!

थर्स्टन प्रश्न विचारून लोकांची उत्तरं गोळा करत होते. कर्व्यांकडे लोक आपणहून प्रश्न पाठवत होते. आता विचार करा. त्या काळच्या कुणालाही चारचौघांत विचारलं असतं की अशा विषयांवर छापील बोलणं योग्य आहे का, तर काय उत्तर आलं असतं? छे छे, शिव शिव! पण तीच माणसं पाकिटात बंद करून कर्व्यांना प्रश्न पाठवत होती. चारचौघांतलं उत्तर आणि बंद पाकिटातला प्रश्न यांच्यातलं अंतर हाच नीती मोजण्यातला सगळ्यात मोठा झिरो एरर आहे.

मानसशास्त्रवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. माणूस प्रश्नावली भरताना खरं उत्तर लिहीत नाही, शोभेल असं लिहितो. मी शाळेपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे आम्हाला मॉरल सायन्स हा विषय असायचा. खोटं बोलणं योग्य की अयोग्य, दुसऱ्याची वस्तू घ्यावी की घेऊ नये... सगळ्या वर्गाला भरपूर मार्क्स! आणि त्याच वर्गातून कंपासपेट्या, खोडरबर रोज गायब व्हायचे. मार्क नीतीला नव्हते, सिस्टरना कोणतं उत्तर हवंय ते ओळखण्याला होते. म्हणून चांगल्या प्रश्नावलीत नाव विचारत नाहीत, तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारतात, आणि माणूस स्वतःला फारच चांगला दाखवतोय का हे पकडणारी काही विधानं मुद्दाम पेरतात. मी आयुष्यात कधीच खोटं बोललो नाही, या विधानापुढे पूर्ण सहमत लिहिणाऱ्याच्या बाकीच्या उत्तरांवरही कुणी विश्वास ठेवत नाही!

कर्व्यांच्या नशिबी मात्र प्रश्नावली नव्हती, कोर्ट होतं. १९३१ साली 'समाजस्वास्थ्य'मधल्या व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तक्रार पुण्याच्या सनातनी मंडळींची. शंभर रुपये दंड झाला, अपिलातही हार झाली. १९३४ मध्ये पुन्हा अटक. या वेळी गुन्हा काय, तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. त्यात हस्तमैथुन आणि समलैंगिकता हे विषय होते. या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर! ज्या माणसाला त्याच्या जवळच्या समाजातले लोकही टाळत होते, त्याची केस बाबासाहेबांनी घेतली. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, आणि लोकांच्या मनात खरेच प्रश्न असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळालं पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. तरीही केस हरली. दोनशे रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या बाजूने ठराव मांडला. तोही पडला.

कोर्टाने कोणत्या मापाने मोजलं? तेव्हा इंग्लंडमधल्या १८६८ सालच्या हिक्लिन खटल्यातली कसोटी चालायची. ज्याचं मन बिघडू शकतं अशा माणसाच्या हाती हे लेखन पडलं तर तो बिघडेल का, असा तो प्रश्न. आता हा माणूस कोण? त्याला कुणी विचारलं? किती जण बिघडले ते कुणी मोजलं? कुणीच नाही! न्यायाधीशाने आपल्या मनाशी कल्पना करायची आणि निकाल द्यायचा. आपण लॅबमध्ये अशी रीडिंग लिहिली तर सर जर्नल फेकून देतील.

हळूहळू विचारणारी माणसं पुढे येत होती. १९३८ साली मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी मुंबईतल्या मध्यमवर्गीय लोकांच्या लैंगिक सवयींवर एक छोटा अभ्यास मांडला. अमेरिकेत किन्से यांनी हजारो लोकांच्या मुलाखती घेऊन १९४८ मध्ये पुरुषांवर आणि सप्टेंबर १९५३ मध्ये स्त्रियांवर ग्रंथ काढला. त्यानंतर एकाच महिन्याने, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, र. धों. कर्वे गेले. वडील महर्षी कर्वे मुलाच्या मागे नऊ वर्षं जगले. १९५८ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. एकाच घरातले बापलेक... एकाला देशाचा सर्वोच्च सन्मान, दुसऱ्याच्या खात्यावर एकूण तीनशे रुपये दंड. पण एक समाधान र. धों. ना नक्की मिळालं असेल. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असं करणारा भारत जगातला पहिला देश. ज्या कामासाठी नोकरी गेली ते काम सरकारी धोरण झालं!

कर्व्यांचा सगळ्यात धाडसी विचार मला वेगळाच वाटतो. त्यांनी स्त्री आणि पुरुष दोघांना एकच मोजपट्टी लावली. सुखाचा हक्क पुरुषाला आहे तर तो स्त्रीलाही आहे. एखादी गोष्ट पुरुषाला माफ असेल तर स्त्रीलाही माफ असली पाहिजे. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९६४ मध्ये, आयरा रीस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने लग्नाआधीच्या संबंधांबाबत माणूस किती मोकळ्या विचारांचा आहे हे मोजणारी बारा विधानांची पट्टी प्रसिद्ध केली. तिची युक्ती फार सुंदर आहे. तीच बारा विधानं दोनदा विचारायची. एकदा पुरुषाने केलं तर चालेल का म्हणून, आणि एकदा स्त्रीने केलं तर चालेल का म्हणून. दोन्ही उत्तरांतला फरक काढला की माणसाचा दुटोंडीपणा आकड्यात हातात येतो. कर्वे जे सव्वीस वर्षं ओरडून सांगत होते, ते मोजण्याचं यंत्रच जणू तयार झालं!

आज तर जागतिक मूल्य सर्वेक्षणात भारतासह अनेक देशांतल्या लोकांना विचारतात की लाच घेणं, कर चुकवणं, बिनतिकीट प्रवास, घटस्फोट अशा गोष्टी कितपत समर्थनीय आहेत. १ म्हणजे कधीच नाही, १० म्हणजे नेहमीच. आपल्या वर्गात हा कागद फिरवला तर लाचेपुढे सगळे १ लिहितील याची मला खात्री आहे. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

पण या सगळ्या वाचनात एक प्रश्न माझ्या मनात राहिला. समजा १९३१ साली पुण्यात अगदी शास्त्रशुद्ध प्रश्नावली फिरवली असती, झिरो एरर काढून टाकला असता, तर कर्वे जिंकले असते का? मुळीच नाही! दणदणीत मतांनी हरले असते. मग ते चूक होते का?

आपलं जालना बियाण्यांसाठी प्रसिद्ध. बियाण्याच्या पाकिटावर उगवणीचा टक्का छापलेला असतो. दाणे मोजून पेरायचे, किती उगवले ते मोजायचं, की झाला टक्का. पण शेतात कपाशी लावायची की सोयाबीन, हे तो टक्का सांगत नाही. ते शेतकऱ्याला ठरवावं लागतं. प्रश्नावलीचंही तसंच आहे. लोकांना काय चालतं हे ती सांगेल. काय चालायला हवं, हे ठरवायला कर्व्यांसारखं डोकं आणि छाती लागते. ते साधा प्रश्न विचारत : यात कुणाचं नुकसान आहे का? कुणावर जबरदस्ती आहे का?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विचारून बघा. मुलगी मुलाशी बोलताना दिसली तर गावभर चर्चा होते. आणि सोळाव्या वर्षी तिचं लग्न लावलं तर तेच गाव पंगतीला बसतं. आपण कडक आहोत की सैल? ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांना मुलीला मागे ठेवायची भीती वाटते, म्हणून लग्न उरकतात, हे मला कळतं. त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण मग आपल्या नीतीच्या प्रश्नावलीत मुलीचे कपडे, मुलीचा मोबाईल एवढंच का असतं? बालविवाह आणि हुंडा या गोष्टी त्यात का नसतात? यादीत कोणते प्रश्न घ्यायचे, इथेच अर्धा निकाल लागलेला असतो. माझ्याबरोबर दहावीला असलेल्या सगळ्याच मुली आज कॉलेजात नाहीत, आणि त्याचं कारण दर वेळी मार्क्स नव्हतं.

काळ मात्र कर्व्यांच्या बाजूने सरकला. २००१ मध्ये अमोल पालेकरांनी त्यांच्यावर 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला. २०१७ मध्ये अजित दळवी यांनी लिहिलेलं आणि अतुल पेठे यांनी बसवलेलं 'समाजस्वास्थ्य' हे नाटक आलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जुनी हिक्लिन कसोटी बाजूला ठेवून आजच्या समाजाच्या निकषांनी अश्लीलता ठरवावी असं सांगितलं. आणि २०१८ च्या सप्टेंबर महिन्यात तर कमाल झाली! ६ तारखेला परस्पर संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या यादीतून बाहेर आले, आणि २७ तारखेला व्यभिचाराचं कलम रद्द झालं. १९३४ आणि १९३१ च्या खटल्यांतले हेच ते विषय. ज्यावर लिहिलं म्हणून कर्व्यांना दंड झाला, त्या गोष्टी एकाच महिन्यात कायद्याच्या पुस्तकातून गुन्हा म्हणून पुसल्या गेल्या. हे बघायला ते नव्हते.

म्हणून मित्रांनो, यापुढे कुणी तुमच्यापुढे पाच पर्यायांचा कागद ठेवला तर तो प्रामाणिकपणे जरूर भरा. पण दुसऱ्याची नीती मोजायला निघालात तर आधी आपल्या पट्टीचा झिरो तपासा. मुलाला आणि मुलीला एकच पट्टी लावतोय का, हे बघा. र. धों. नी एवढंच शिकवलं, आणि त्याची किंमत पूर्ण मोजली. त्या एकाकी गणितज्ञाला आणि त्यांच्यासोबत मुकाट्याने सगळं सोसणाऱ्या मालतीबाईंना माझा मनापासून नमस्कार!

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)